नेवाशाची वाट आणि गाडीचें निदान

रोग शरीरास होतो तसा यंत्रासही होतो, आणि दोहोंच्याही बाबतींत औषधापेक्षां निदानच अवघड असतें, हें ज्यांच्या घरीं वडील माणसें व जुनी मोटार अशीं दोन्ही आहेत त्यांस वेगळें सांगावयास नको. आमच्या घरीं सुदैवानें दोन्ही आहेत. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वडील भगिनी अक्का यांस घेऊन आम्ही नगराहून नेवाशास जाऊन आलों. प्रवास म्हणाल तर जातांयेतां सवाशे किलोमीटरांच्या आंतबाहेरचा. परंतु त्या एका दिवसांत आम्हांस आमच्या गाडीचा एक दोष कळला व आमचा स्वतःचाही एक कळला. पहिला दुसऱ्या दिवशीं दुरुस्त झाला. दुसऱ्याविषयीं चार शब्द लिहिले तर वाचकांपैकीं एखाद्यास उपयोग होईल, म्हणून ही हकीगत देत आहों.

आमचें नगर हें किल्ल्याचें गांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. मलिक अहमद निजामशहानें १४९० सालीं हें शहर वसविलें. १९४२ च्या ऑगस्टनंतर पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद प्रभृति पुढारी येथल्याच भुईकोटांत स्थानबद्ध होते. २०२४ सालीं शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव अधिकृतपणें मिळालें. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं ज्या चौंडीस झाला तें गांव याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत आहे. जुन्या माणसांच्या तोंडीं मात्र नुसतें 'नगर' येतें, आणि तें दोन्ही नांवांत बसतेंच.

परंतु नगर हें वाहनांचेंही गांव आहे, ही गोष्ट बाहेरच्या फारच थोड्यांच्या ध्यानांत असते. लष्कराच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र येथें आहे. संरक्षण खात्याची वाहनांचें संशोधन करणारी संस्था येथें आहे, व तिच्यामुळें त्या वसाहतीचें नांवच वाहननगर पडलें आहे. गाड्यांची परीक्षा घेण्यासाठीं तेथें खास रस्ते बांधलेले आहेत. आणि १९९४ सालीं सुरू झालेलें रणगाड्यांचें संग्रहालयही येथेंच आहे. नेवाशास जाण्याच्या आदल्या दिवशीं अक्कांस तें दाखविण्यास आम्ही घेऊन गेलों होतों. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, चेन्नईजवळ आवडी येथें बनलेला विजयंता, अशीं तीं प्रचंड धुडें झाडांच्या सावलींत ओळीनें उभीं आहेत. अक्कांनीं पॅटनच्या पट्ट्यास हात लावून विचारलें, "हें चालतें तेव्हां आंतल्या माणसाचीं हाडें जाग्यावर राहत असतील का रे?" आम्ही हंसलों, पण आमचा पुतण्या हंसला नाहीं. त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

महिनाभरापासून आमची मोटार हादरत होती. गाडी आठ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. सावकाश चालविली तर शहाण्यासारखी चाले. परंतु पुढच्या वाहनास ओलांडण्यासाठीं अ‍ॅक्सिलरेटर दाबला कीं सारें अंग थरथरावयास लागे. पायांखालची जमीन, बसावयाची बैठक, आरशांतलें प्रतिबिंब, सगळेंच कांपे. ही गाडी बहुधा पुतण्याच चालवितो. तो तेवीस वर्षांचा असून परवाना हातीं येऊन त्याला उणेंपुरें वर्ष झालें आहे. आम्हीं प्रथम दिवसापासून ठरवून टाकलें कीं दोष त्याच्या पायाचा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याची नव्या मुलांची खोड असते, त्यानेंच क्लच खराब केला असला पाहिजे, असें आम्हीं त्यास एकदां नव्हे, चारचौघांदेखत पुष्कळदां ऐकविलें. एके दिवशीं तर किल्ली काढून आमच्या कपाटांत ठेविली. मुलगा उलट बोलला नाहीं. पण तेव्हांपासून तो आमच्या पंक्तीस बसेनासा झाला. उशीर झाला, भूक नाहीं, अशीं निमित्तें काढून मागाहून एकटा जेवी.

मध्यंतरीं उपाय झालेच नव्हते असें नाहीं. एका कारखान्यांत प्लग बदलून झाले. दुसरीकडे चाकांचें बॅलन्सिंग करून घेतलें. दोन्ही ठिकाणीं पैसे गेले व थरथर जशीच्या तशी राहिली. यांत त्या मंडळींस दोष देण्याचें कारण नाहीं; आम्हींच जाऊन "प्लग पाहा", "चाकें पाहा" असें सांगितलें होतें. रोग्यानेंच औषधाचें नांव सांगितल्यावर दुकानदार तें देणारच.

नेवाशास जावयाचें तें अक्कांच्या इच्छेनें. त्यांचें वय एक्याऐंशी, वास्तव्य पुण्यास. ज्या खांबापाशीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो एकवार डोळ्यांनीं पाहावा, एवढी एकच यात्रा राहिली आहे, असें त्या दोन वर्षें म्हणत होत्या. गाडी कोणी चालवावयाची हा प्रश्न निघाला तेव्हां त्यांनीं सरळ सांगितलें, "चालवील तर नातू चालवील." आम्हीं निमूटपणें कपाटांतून किल्ली काढून दिली.

सकाळीं सातास निघालों. शेंडी मागें पडली, जेऊर गेलें, आणि इमामपूरचा घाट लागला. नगरचें पठार येथें संपतें व रस्ता खालीं प्रवरेच्या खोऱ्याकडे उतरूं लागतो. डोंगर उघडे, मधून मधून बोरीबाभळीचीं झुडपें. उतारावर गाडीस जोर लावावा लागत नाहीं. त्यामुळें ती पाण्यावरून नाव जावी तशी गेली. पुतण्यानें आरशांतून आमच्याकडे एकदां पाहिलें. आम्ही खिडकीबाहेर पाहिलें. पांढरीपूल ओलांडून घोडेगांवास आलों. कांद्याच्या व जनावरांच्या बाजारासाठीं हें गांव प्रसिद्ध आहे; शनिशिंगणापुरास जाणारा फांटाही येथूनच फुटतो. पुढें वडाळा, नेवासें फांटा, आणि मग प्रवरातीरचें नेवासें.

गांव लहान, पण त्याच्या पोटांत काळाचे किती थर आहेत! नदीकांठच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळिया व डेक्कन कॉलेजांतील त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें. वरच्या थरापासून खालीं खणीत जातां जातां ऐतिहासिक काळ संपला, ताम्रपाषाण युगांतील वस्ती लागली, आणि त्याहूनही मागच्या काळांतील दगडी हत्यारें याच परिसरांत सांपडलीं. सात शतकांपूर्वीची ज्ञानेश्वरी आपण प्राचीन म्हणतों. या मातीच्या हिशेबानें ती कालची.

पैसाचा खांब आतां मंदिराच्या गाभाऱ्यांत आहे. खांबाभोंवतींच मंदिर उभें राहिलें आहे. मूर्तीच्या जागीं एक साधा दगडी स्तंभ. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, याच खांबाशीं बसून ज्ञानदेवांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला व सच्चिदानंदबाबांनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. अक्का कांहीं वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग पुतण्याचा हात धरून खालीं बसल्या व म्हणाल्या, "संस्कृत येणाऱ्यानें संस्कृत न येणाऱ्यासाठीं एवढा खटाटोप केला, बघ." हें त्या त्याला म्हणाल्या कीं आम्हांस, हें आम्हांस त्या वेळीं नीटसें कळलें नाहीं.

दुपारीं जेवण करून परत फिरलों. घोडेगांवांत आमच्या कुटुंबानें कांद्यांची एक गोण घेतली व ती मागच्या बाजूस घातली. पांढरीपुलाशीं येऊन घाट चढावयास लागलों मात्र, आणि गाडी अशी हादरूं लागली कीं अक्कांच्या हातांतला पाण्याचा तांब्या वाजूं लागला. बाजूनें उंसाच्या ट्रॉल्या व मालमोटारी जात होत्या. आम्हीं मागून संवयीप्रमाणें आवाज चढविला, "अरे, क्लचवरचा पाय काढ! किती वेळां सांगावें?"

"काका, पाय क्लचवर नाहींच," पुतण्या म्हणाला. एवढें एकच वाक्य. पण त्याचा आवाज गाडीपेक्षां अधिक कांपत होता.

अक्का पुढच्या बैठकीवर होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "पाय नाहीं रे त्याचा तेथें, मी मघांपासून पाहतें आहें. तो उजव्या पायानें दाबतो तेव्हां गाडी कांपते, सोडतो तेव्हां राहते. आमच्या घरीं वैद्यकी होती. उपशय पाहिल्याशिवाय रोगाचें नांव घेऊं नये, असें हे नेहमीं म्हणत."

अक्कांचे यजमान वैद्य होते. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति या पांच मार्गांनीं रोग ओळखावा, असें वैद्यशास्त्र सांगतें. उपशय म्हणजे कशानें बरें वाटतें तें पाहून रोग कोणता तें ठरविणें. आम्हीं जन्मभर मुलांस तर्कसंग्रह शिकविला. स्वयंपाकघरांत धूर आहे तेथें अग्निही आहे, हा अन्वय. तळ्यांत अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, हा व्यतिरेक. हीं उदाहरणें आम्हांस झोंपेंतही सांगतां येतील. आणि घरच्या मुलावर आरोप ठेवतांना आम्हीं त्यांतलें एकही वापरलें नव्हतें! आम्हीं गाडी बाजूस घ्यावयास लाविली, पुढें मोकळी जागा पाहून ती वळविली व घाटाखालीं सपाटीवर आणविली. तेथें आम्हीं काका-पुतण्यांनीं मिळून, त्या महिन्यांत प्रथमच, एक काम केलें.

पहिली परीक्षा गाडी उभी ठेवून. गिअर काढून इंजिनाचा वेग वाढविला. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरांत ठिणगी नीट पडत नसेल, ज्यास कारागीर 'मिसिंग' म्हणतात, तर गाडी बहुधा उभ्याउभ्याच अडखळते, आणि हल्लींच्या गाड्यांत समोर इंजिनाचा पिंवळा दिवा लागतो. येथें इंजिन एकसारखें घुमत होतें व दिवा लागला नव्हता. तरी कांहीं मिसिंग ओझ्याखालींच प्रकट होतें; म्हणून इंजिनास अद्याप निर्दोष ठरविलें नाहीं.

दुसरी परीक्षा वेगाची. ताशी ६० किलोमीटरांवर गाडी नेली व पाय उचलला. थरथर तत्काळ थांबली. चाकाचा तोल बिघडला असता तर त्यास पाय दाबला काय कीं उचलला काय, सारखेंच. वेग तोच असेपर्यंत तें हलत राहतें. म्हणजे चाकें सुटलीं.

तिसरी परीक्षा गिअरची. त्याच ६० च्या वेगानें एकदां तिसऱ्या गिअरमध्यें व एकदां चौथ्यांत जोर लावून पाहिला. तिसऱ्यांत इंजिन अधिक वेगानें फिरतें, चौथ्यांत कमी. चाकें मात्र दोन्ही वेळां तितकींच. थरथरीची गति दोन्ही वेळां एकच राहिली. इंजिनाचा दोष असता तर ती इंजिनाबरोबर बदलती. म्हणजे इंजिनही सुटलें.

चौथा विचार क्लचचा. क्लच हादरवितो तो गाडी जागची हलतांना, अर्धवट दाबलेला असतांना. धांवत्या गाडींत, पाय पूर्ण काढल्यावर, त्याचा संबंध उरत नाहीं. आणि इंजिन ज्यांवर बसतें तीं रबरी माउंटिंगें तुटलीं असतीं तर गाडी सुटतांना व मागें घेतांना दणका बसता. चाकाच्या तालावर अशी थरथर चालू न राहती.

तेव्हां उरलें काय? जें चाकाबरोबर फिरतें, पण जोर लावला तरच पीडा देतें, असें कांहीं. इंजिनाची शक्ति चाकापर्यंत नेणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, आणि त्याचे सांधे. हें पुतण्यानेंच प्रथम म्हटलें. आम्हीं केवळ मान डोलावली.

पांढरीपुलाजवळ रस्त्याच्या कडेस एका कारागिराचें लहानसें दुकान होतें. त्यास आम्हीं या वेळीं औषधाचें नांव सांगितलें नाहीं. केवळ लक्षणें सांगितलीं. त्यानें जॅक लावून पुढचें डावें चाक उचललें, खालीं निजून दांडा हातानें हलविला, आणि बोटें बाहेर काढून आम्हांस दाखविलीं. त्यांवर काळें ग्रीस व वाळू होती.

"गुरुजी, आतल्या बाजूचा जॉइंट गेलाय. वरचं रबर फाटून लई दिवस झाले असतील. ग्रीस सगळं उडून गेलं, माती आत शिरली. हे बघा, चाकाच्या आतल्या अंगाला सगळीकडं शिंतोडे."

ही संप्राप्ति वाचकांस थोडी उलगडून सांगतों. पूर्वींच्या अ‍ॅम्बेसिडर वा फियाट गाड्यांत इंजिन पुढें व जोर मागच्या चाकांस असे. १९८३ अखेर मारुति ८०० आली तिच्यापासून पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या गाड्या आपल्याकडे सर्रास झाल्या. पुढचें चाक वळतेंही आणि खड्ड्यांत वरखालींही होतें; अशा चाकास एकसारखी गति पोंचविणें सोपें नाहीं. सतराव्या शतकांतील रॉबर्ट हूक यांच्या नांवानें ओळखला जाणारा सांधा कोनांत फिरविला तर प्रत्येक फेऱ्यांत दोनदां गति कमीजास्त होते. हा दोष टाळणारा गोळ्यांचा सांधा आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत शोधला. तसला सांधा चाकाच्या बाजूस असतो. तो झिजला तर वळतांना कटकट वाजतो. आंतल्या बाजूस पुष्कळ गाड्यांत तीन रोळ असलेला सांधा असतो. ते तीन रोळ तीन खांचांतून मागेंपुढें सरकतात. खांचा झिजल्या व जोराचा भार आला कीं रोळ सरकावयाचे ते अडकतात आणि प्रत्येक फेऱ्यांत तीन वेळां दांड्यास आडवा धक्का देतात. साधारण मोटारीचें चाक ताशी ६० च्या वेगास सेकंदांत सुमारें ९ फेरे घेतें. म्हणजे सेकंदास २७ धक्के! पाय उचलला कीं भार जातो व धक्केही जातात. चढावर भार अधिक म्हणून पीडा अधिक. मागें कांद्यांची गोण पडल्यानें गाडीचें तोंड किंचित् उचललें जाऊन दांड्याचा कोनही बदलला असावा. उतारावर मात्र रोगी निरोगी दिसला.

कारागीर हें सांगत असतां त्यानें एक शब्द उच्चारला व आम्हांस घाम सुटला. तो त्या रबरी पिशवीस 'बूट' म्हणत होता. सहा महिन्यांपूर्वीं गाडी तपासणीस दिली असतां खर्चाच्या अंदाजपत्रकांत 'अ‍ॅक्सल बूट बदलणें' असें एक कलम होतें. रक्कम कांहीं शेंची. आम्हीं तें वाचून थट्टा केली होती, "गाडीस बूट कसले? उद्यां टोपीही मागतील!" आणि लाल शाईनें तें कलम खोडलें होतें. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना जडलेली ती संवय. पूर्वरूप कागदावर लिहून आमच्या हातांत दिलें होतें. आम्हींच तें खोडून काढलें, आणि मग महिनाभर दोष एका मुलाच्या पायास लावीत बसलों.

आम्हीं तेथेंच, कारागिरासमक्ष, पुतण्यास सांगितलें, "दोष तुझा नव्हता. बूट बदलूं दिला नाहीं तो आम्हीं." चारचौघांत ठपका ठेविला होता, तेव्हां तो परत घेणेंही चारचौघांतच उचित होतें. तो कांहीं बोलला नाहीं. गाडीखालीं वांकून कारागिराच्या हातांतला दिवा धरून उभा राहिला.

दिवस मावळतीस आला होता. "सावकाश नेली तर नगरपर्यंत पोंचाल," असें कारागीर म्हणाला. पण पुरता झिजलेला सांधा भाराखालीं केव्हां दगा देईल याचा नेम नसतो हेंही त्यानेंच सांगितलें. घाटाचा चढ, अंधार, मालमोटारींची वर्दळ, आणि बरोबर एक्याऐंशी वर्षांची म्हातारी. हा धोका पत्करावयाचा नाहीं, असें पुतण्यानें सांगितलें व आम्हीं तें मानलें. गाडी तेथेंच ठेविली. अक्का व आमचें कुटुंब यांस घेऊन आम्ही नगरकडे जाणाऱ्या एस्. टी.त बसलों, कांद्यांची गोण मात्र गाडींतच राहिली. दुसऱ्या दिवशीं नगराहून नवा सांधा व बूट घेऊन पुतण्या एकटाच गेला. शेंकड्यांत भागलें असतें तें हजारांत गेलें. पण संध्याकाळीं गाडी घाट चढून आली ती जराही न कांपतां.

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. ठराविक वेगास हादरते व पाय उचलूनही हादरतच राहते ती चाकांनीं. उभ्यानें अडखळते ती इंजिनानें. ब्रेक दाबल्यावर हादरते ती बहुधा ब्रेकच्या चकत्यांनीं. आणि जोर लावल्यावर हादरून पाय उचलतांच थांबते ती बहुतकरून अ‍ॅक्सलच्या सांध्यानें. सहा महिन्यांतून एकदां चाकाच्या आंतल्या बाजूस ग्रीसचे शिंतोडे दिसतात का तें पाहावें. आणि दुरुस्तीच्या कागदावरील न कळलेला शब्द खोडण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारावा.

त्या रात्रीं पाट मांडले तेव्हां अक्कांनीं आमच्या शेजारचा पाट मोकळा ठेवावयास सांगितला. घोडेगांवच्या कांद्याची भाजी होती. पुतण्या हातपाय धुऊन आला व त्या पाटावर बसला.